सत्तावीस बंदुकांच्या वहिनी

पडदा वर जातो तेव्हा समोर एकमेकींत उघडणाऱ्या दोन खोल्या दिसतात. भिंतींवर लाकडी खुंट्यांवर आडव्या ठेवलेल्या सत्तावीस बंदुका. सगळ्या जुन्या लष्करी, बहुतेक ठासणीच्या. खिडकीशी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणि जुन्या बनियनच्या चिंध्या. स्टुलावर उभी राहून बासष्ट वर्षांची एक बाई सगळ्यांत वरच्या बंदुकीचा दस्ता पुसते आहे. बाहेर जिन्यावर माणसांची कुजबुज. सकाळचे दहा वाजलेत आणि दार अजून बंद आहे.

रंगभूमीवर चाळीस वर्षं काढली, टाळ्यांची वाक्यं मिळवायला काय काय उपद्व्याप केले! पण त्या सकाळी मी नुसता कोपऱ्यात खुर्ची धरून बसलो होतो. आमच्या वहिनींच्या प्रसंगात लुडबुड करायची माझी टाप नव्हती.

वहिनी म्हणजे माझ्या जिवलग मित्राची बायको. मित्र टपालखात्यात कारकून. आयुष्यात कधी सैन्याच्या दारातही उभा राहिला नाही, पण आम्ही त्याला जनरल म्हणायचो, कारण पगारातून वाचवून तो जुन्या बंदुका घ्यायचा आणि त्यांच्याबद्दल तासन्‌तास बोलायचा. त्या घरी आणल्या की गंजलेल्या, मोडलेल्या असायच्या. मग त्या जायच्या तळमजल्यावर, वहिनींच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात. गिऱ्हाइकांची मशीनं झाली की वहिनी बंदुकीच्या घोड्या-चापाची यंत्रणा उघडून बसायच्या. "स्प्रिंग ती स्प्रिंगच, भावजी," त्या मला म्हणायच्या. "मशीनची असो नाहीतर बंदुकीची. जास्त ताणली की रुसते."

नावंही त्यांनीच ठेवलेली. सर्वांत जड ती थोरल्या जाऊबाई. जिचा घोडा मध्येच अडकायचा ती आत्येसासू. एक आखूड, सदा चकचकीत, ती धाकटी नणंद. जनरल पाहुण्यांना लढाया सांगायचा, आणि वहिनी आतून ओरडायच्या, "आधी जाऊबाईंना खाली ठेवा, मग पानिपत करा!"

गेल्या वर्षी जनरल गेला. जाण्याआधी दोघांनी ठरवलं होतं, संग्रह लोकांसाठी खुला करायचा, इथंच, या दोन खोल्यांत. अर्ज केला, सगळं मार्गी लागलं. अडलं ते एका रकान्यावर: 'संग्रहाची जबाबदारी घेणारी जाणकार व्यक्ती'.

तिथं आपलं नाव लागणार, अशी खात्री जुन्या शस्त्रांच्या मंडळाच्या चिटणीसांना होती. त्यांनी बंदुकांवर एक पुस्तिका लिहिली होती आणि ती ते लग्नाच्या पत्रिकेसारखी वाटत. त्यांचं नाव लागलं की बंदुका मंडळाच्या सभागृहात, काचेमागे जाणार होत्या. वहिनींच्या वाट्याला उरल्या असत्या रिकाम्या खुंट्या. तीस वर्षं ज्या हाताखालून काढल्या, त्या बघायला वहिनींना मंडळाची वेळ विचारावी लागली असती.

परवाना कार्यालयातले साहेब आज तो रकाना भरायला आले होते. सोबत चिटणीस, सुटाबुटात.

"वहिनींनी सगळं फार स्वच्छ ठेवलंय हो," चिटणीस कौतुकानं म्हणाले. "गृहिणीचा हात लगेच कळतो."

"गृहिणीचा नाही, मेकॅनिकचा," वहिनी स्टुलावरूनच म्हणाल्या. "गृहिणी म्हणून मी फार गबाळी आहे. भावजींना विचारा."

मी मान डोलावली. खरं ते खरं.

साहेबांनी फाईल उघडली. "सगळ्या बंदुका रिकाम्या आहेत ना? तसं लेखी लागेल."

"हे काय, आणलंय." चिटणीसांनी सहीचा कागद पुढे केला. "सत्तावीसच्या सत्तावीस मी स्वतः तपासल्यात. रिकाम्या."

वहिनी खाली उतरल्या. चिंधी खांद्यावर टाकली. "सव्वीस," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सव्वीस रिकाम्या आहेत. जाऊबाईंच्या पोटात काहीतरी आहे."

चिटणीस हसले. साहेब मात्र हसले नाहीत. वहिनींनी थोरल्या जाऊबाईंना मेजावर घेतलं, तोंड भिंतीकडे करून. नळीखालचा लोखंडी गज ओढून काढला, हलकेच नळीत सोडला, आणि तो आत अडला तेव्हा नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा धरला. मग अंगठा न हलवता गज बाहेर काढला आणि अंगठा नळीच्या तोंडाशीच येईल असा नळीवर लांबीनं ठेवला.

"बघा साहेब. रिकामी असती तर गजाचं टोक बुडाशी, या भोकापर्यंत आलं असतं. इथं दारू पेटते. आलंय कुठं? वीतभर अलीकडे. म्हणजे वीतभर काहीतरी आत आहे."

माझ्या एकाही नाटकात कुणी इतक्या चपळाईनं एक्झिट घेतली नाही. साहेब कपाटाच्या आड गेले. चिटणीस साहेबांच्या आड गेले. कपाट अरुंद होतं.

"दा... दारू असेल?" चिटणीसांचा आवाज आला.

"तुम्हीच तपासलीत की!"

"अहो, नळीत डोकावलो होतो मी... अंधार होता..."

"नळीत डोकावायचं नसतं, चिटणीससाहेब. पहिला धडा आहे तो. तुमच्या पुस्तिकेत नाही?"

वहिनींनी गजाच्या टोकाला स्क्रूसारखी फिरकी लावली, नळीत घातली, पीळ दिला आणि ओढलं. निळ्या कापडाचा बोळा बाहेर आला. मग त्यांनी जाऊबाईंचं तोंड खाली केलं. टक्‌! मेजावर चांदीच्या कागदातली पेपरमिंटची नळकांडी पडली. टक्‌! दुसरी.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी, तुमचं सामान."

लपवून काय उपयोग? जनरलला साखरेचा आजार होता. चहातली चिमूटभर साखर सोडली तर घरात गोडाला बंदी, आणि दर शनिवारी खिशातून पेपरमिंट पोचवणारा पापी मी.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, वहिनी?"

"पहिल्या महिन्यापासून. दर रविवारी गज टाकून मोजायची. एक बोट कमी झालं की समजायचं, स्वारीनं चार गोळ्या खाल्ल्या. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा." त्यांनी नळकांडी तळहातावर घेतली. "ते गेल्यावर बाकीच्या सगळ्या आतून पुसल्या. हिला नुसती वरून. हात धजला नाही."

कपाटाआडून साहेब बाहेर आले, टाय सरळ केला. चिटणीसांचा कागद त्यांनी दुमडून परत दिला, पेन काढलं आणि त्या रकान्यात वहिनींचं नाव लिहिलं. मग पुढे होऊन विचारलं, "तो गज एकदा मला टाकून बघता येईल?"

"बघा की. पण डोकं बाजूला."

साहेबांनी गज टाकला, मोजला. टोक बरोबर भोकाशी आलं. परीक्षेत पास झाल्यासारखे ते खुलले. चिटणीसही जवळ सरकले. वहिनींनी त्यांच्या हातात धाकटी नणंद दिली. "धरा. काचेमागे असती तर हिचं वजन कळलं असतं?" चिटणीसांनी बंदूक लवकर परत केली नाही.

जिन्यावरची चुळबुळ वाढली होती. वहिनींनी पदराला हात पुसले आणि दाराची कडी काढली. पहिली बाई, भाजीची पिशवी हातात, उंबऱ्यातच थबकली. भिंतीभर बंदुका बघून तिचे डोळे मोठे झाले होते.

"या, एकेकानं या," वहिनी म्हणाल्या. "पिशवी तिथं ठेवा, हात कोरडे करा आणि आवडेल ती उचला. जड लागली तर सांगा, लाजू नका. मीसुद्धा पहिल्यांदा पायावर पाडून घेतली होती."