मशीनवरचा ओला दुपट्टा

पोछाकाकांच्या खांद्यावरचा दुपट्टा मी कधी कोरडा पाहिला नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात घशातलं पाणी वाळतं, पण काकांचा दुपट्टा आपला ओलाच. नळावर पिळायचा आणि दिसेल ते पुसायचं. बाकं, खिडक्या, फळ्याची चौकट, मुख्याध्यापकांच्या टेबलावरची काच. एकदा बोलता बोलता त्यांनी माझ्या स्कूटीचा आरसा पुसला आणि मग त्यात पाहून स्वतःचं कपाळही पुसून घेतलं. पोरांनी त्यांना पोछाकाका म्हणायला सुरुवात केली, आणि शाळेच्या या शिपायाचं हजेरीपटावरचं नाव आम्ही शिक्षकही विसरून गेलो.

पुसण्यासारखं आमच्याकडे भरपूर होतं. शाळा शहराच्या टोकाला, आणि कुंपणाला लागूनच वीज केंद्राची राख वाहणाऱ्या टिप्परांचा रस्ता. त्यांच्यावरची ताडपत्री नावालाच. सकाळी पुसलेल्या बाकावर मधल्या सुट्टीत बोटानं नाव लिहिता यायचं. डब्यातली पोळी दाताखाली करकरायची. अंगणातला कडुनिंब बारा महिने राखाडी. काका त्याच्या खालच्या फांद्यांची पानंसुद्धा पुसत. मागच्या तलावात ढिवर लोक शिंगाडा लावायचे. राखेचं पाणी उतरू लागलं तसा शिंगाडा सडला, मासळी गेली, मासळीमागून बगळे गेले. “मॅडम, तलावाले पोछा कसा मारू?” असं काकांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं. मी विज्ञान शिकवते. म्हणून प्रश्न मला.

काका मूळचे उमरेडच्या विणकरांचे. वडिलांचा माग बंद पडला आणि हे चपराशी झाले. दुपट्टा मात्र पांढराच हवा. शाळेनं दिलेलं रंगीत फडकं त्यांनी सरळ परत केलं. “रंगीत कापड मळ लपवते मॅडम. पुसलं का नाही, समजतच नाही.” दिवसातून तीनदा ते दुपट्टा धूत, आणि तीनदा नळाखालून काळं पाणी वाहत जाई.

प्रार्थनेच्या वेळी एका पोराला खोकला आला की रांगच्या रांग खोकायची. चौथीतली दोन पोरं दप्तरात दम्याचा पंप घेऊन यायची. शेवटी पालकांनी अर्ज दिला, की टिप्परांचा रस्ता शाळेपासून हलवा. तो अर्ज मीच लिहिला होता. पुष्कळ खेटे घातल्यावर एका कार्यालयानं हवेतली धूळ मोजायची मशीन आमच्या गच्चीवर आणून बसवली. आणणारा माणूस काकांना म्हणाला, “हिच्याकडे जरा लक्ष ठेवा,” आणि गेला. ती मशीन काय करते, हे काकांना त्यानं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

महिनाभरानं कागद आला. शाळेच्या परिसरातली हवा समाधानकारक आहे, सबब रस्ता बदलण्याची आवश्यकता दिसत नाही. शिक्षकांच्या खोलीत मी तो मोठ्यानं वाचला. काका चहा घेऊन आले होते. त्यांचा चेहरा खुलला.

“म्हंजे मशीन खूश होऊन गेली ना मॅडम?”

“काका, तुम्ही काय केलंत?”

“काही नाही. रोज सकाळी छत धुतलं. तिच्या भवताल सडा टाकला. अन् टिप्पर निंगाले का आपला दुपट्टा ओला करून तिच्या तोंडावर टाकत होतो. पाहुणी होती ना. नाकातोंडात राख गेली असती तर काय म्हणली असती, कोणत्या गबाळ्याइच्या घरी आली?”

“अहो, ती राख मोजायलाच आली होती!” मी ओरडले. इतक्या वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदाच.

काकांनी ट्रे हळूच टेबलावर ठेवला. “मले कोणी सांगतलंच नाही,” ते म्हणाले. खरंच होतं ते. महिनाभर मशीन माझ्या डोक्यावर घरघरत होती आणि मी गुडघा दुखतो म्हणून एकदाही जिना चढले नव्हते. ओरडायचंच होतं तर स्वतःवर ओरडायला हवं होतं. आम्ही झाला प्रकार लिहून कळवला. उत्तर आलं, की आपल्या शाळेचा क्रम पुन्हा आल्यावर विचार होईल.

त्या दिवसापासून काकांनी गच्ची पुसणं सोडलं. बाकी सगळं पूर्वीसारखंच, फक्त गच्चीला हात नाही. “आता मशीन येईल तवा जसं हाये तसंच दिसलं पायजे तिले,” म्हणायचे. ज्याला आरशावरचा डाग सहन होत नव्हता, त्यानं गच्चीवर राखेचा थर साचू दिला. महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचे, “मॅडम, मशीन कवा येते?” मी म्हणायची, येईल. विचारता विचारता त्यांना खोकल्याची उबळ येऊ लागली. डॉक्टरांनी बिडी ओढता का विचारलं, तर काकांना रागच आला. “मी खर्रा बी खात नाही साहेब!” तंबाखू-सुपारीचा खर्रा खात नाही, हे नागपुरात सांगून पटायचं कोणाला?

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झाल्यावर ते मला गच्चीवर घेऊन गेले. प्रत्येक पायरीवर थांबत, मी गुडघ्यानं आणि ते दम लागून. वर राखेत चपलांचे ठसे उमटत होते. “मी नसलो अन् मशीन आली, तर कोणाले पोछा मारू देऊ नका,” एवढंच म्हणाले. गेल्या हिवाळ्यात काका गेले. तेरवीला त्यांच्या घरी गेले तेव्हा दारात दोरीवर तो दुपट्टा टांगलेला होता. कोरडा दुपट्टा पाहून मला रडू आलं.

या उन्हाळ्यात आमचा क्रम लागला. मशीन येण्याच्या आदल्या दिवशी शिकवता शिकवता मला वरून बादलीचा आवाज आला. फळा अर्धा टाकून मी जिना चढले. नवा शिपाई झाडू घेऊन उभा होता.

“काहून रे गा?” का म्हणून विचारताना माझ्याही तोंडून काकांचीच बोली निघाली.

“हेडमास्तर साहेबांनी सांगतलं मॅडम. उद्या पाहुणे येऊन राहिले, छत धुवून टाक म्हणे.”

“राहू दे. साहेबांना मी सांगते.”

त्यानं राखेच्या थराला अजून ओलं बोटही लावलं नव्हतं. बादली त्याच्याकडून घेऊन मी खाली कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामी केली.

मशीन होती तेवढे दिवस मी मधली सुट्टी आणि मोकळे तास गच्चीच्या वरच्या पायरीवर काढले. वह्या तिथंच तपासल्या. रस्ता हलेल असं मला आता वाटत नाही, खरं सांगायचं तर थकले आहे मी. पण टिप्परांची रांग सुरू झाली, राख उडाली, की पदर नाकाला लावून मी तशीच बसून राहायची आणि मशीनला सगळी राख खाऊ द्यायची.