लुबर्टच्या आल्त्येचा चेहरा

हॉलंडमधल्या हार्लेमच्या गल्ल्यांत धुकं उतरलं की लुबर्टचं चाकाचं वाद्य आधी ऐकू यायचं आणि लुबर्ट मागाहून दिसायचा. तो दांडा फिरवायचा, बायको आल्त्ये गायची. एका चित्रकाराने दोघांना तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि ते चित्र आमच्या छापखान्यात धडाधड छापलं गेलं. गरिबाला दारात उभं न करणारे लोक त्याचं चित्र मात्र दिवाणखान्यात लावतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, पण आमचं पोट त्यावरच चालतं.

हिवाळ्यात आल्त्ये तापाने गेली. बर्फ वितळल्यावर लुबर्ट आला.

"वहिनी, तिचा चेहराच आठवेनासा झालाय. डोळे मिटले की नुसती टोपी दिसते. तुमच्याकडे आहे ना ती?"

"पत्रा पार झिजलाय रे. आता चेहऱ्याच्या जागी नुसता धूर उमटतो. पहिली, ठसठशीत प्रत कापडवाल्या हुइबर्टकडे आहे. चल, मी येते."

हुइबर्टच्या दारात त्याने वाद्य वाजवलं. दाराचा वरचा अर्धा भाग उघडून मालकीणबाईंनी पाव पुढे केला.

"पाव नको, बाईसाहेब. भिंतीवरची माझी बायको दाखवा."

"अगंबाई, ती तुझी बायको? थांब हं, आणते. चिखलाचे जोडे आत नकोत."

त्यांनी चित्र आणून दाराच्या बंद खालच्या भागावर टेकवलं. त्यांच्या मागून घरातली पोरं धावली, "बेडकी आली, बेडकी आली!"

चित्रकाराने थट्टेने कोरलेलं बटाट्यासारखं नाक, दोनच दात, कानापर्यंत फाटलेलं तोंड. लुबर्ट बघतच राहिला.

"पाहुण्यांची तर हसून हसून मुरकुंडी वळते," बाई कौतुकाने म्हणाल्या. मनाने वाईट नव्हत्या त्या. म्हणूनच मला जास्त राग आला.

लुबर्टने टोपी काढून आभार मानले. कालव्यावरून पिवळसर ऊन वाहत होतं, आणि आम्ही दोघं झोपेत चालल्यासारखे चालत होतो. छापखान्यात आल्यावर तो म्हणाला, "त्या झिजलेल्या पत्र्याची एक प्रत काढा."

मी रेघांत शाई भरली, वरची पुसली, ओला कागद दाबयंत्राच्या रुळांखालून काढला. वाद्य आलं, शाल आली, टोपी आली. टोपीखाली नुसतं करडं धुकं.

त्याने कागद खिडकीशी धरला. मग टोपीखालच्या धुक्यावर बोट ठेवलं.

"हनुवटीवर तीळ होता, वहिनी," तो म्हणाला. "हा बघा."