शेवटचं पान न वाचलेली मुलगी

लेखक शाळेत आणायचा म्हणजे काय काय लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. प्यायला कोमट पाणी, कारण प्रवासाने घसा बसलेला असतो. बसायला साधी खुर्ची. सिंहासनासारखी आणली की मुलं बिचकून गप्प होतात. माईक आदल्या दिवशीच तपासायचा. नारळ, शाल आणि मोठ्यांची भाषणं मिळून पंधरा मिनिटांत आटपायची, म्हणजे मुलांना वेळ उरतो. आणि मुलांनी पुस्तक आधी वाचलेलं असलं पाहिजे. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमकी त्यातच मी एकदा चूक केली.

आता मी सांगलीच्या शाळेत ग्रंथपाल आहे. इथे लेखक पडद्यावर येतात. चाळीस मिनिटांत सगळं होतं, कुणाला स्टेशनवरून आणावं लागत नाही, जेवणाची सोय बघावी लागत नाही. तक्रार करावी असं त्यात काही नाही. पण कार्यक्रम संपून पडदा काळा झाला की मुलं लगेच डबे उघडतात, आणि मला कराडजवळची माझी आधीची शाळा आठवते. तिथे लेखक गेल्यावरही मुलं फाटकापाशी रेंगाळायची. ज्या खुर्चीत लेखक बसला होता, तिच्यात बसून बघायची.

त्या शाळेतलं ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेला लागून असलेली अर्धी खोली. खिडकीतून उसाचं शेत दिसायचं. गळीत हंगामात रस्त्याने ट्रॉल्या जायच्या तेव्हा कपाटांच्या काचा थरथरायच्या. सात-आठ वर्षांपूर्वी, अशाच ऐन हंगामात, पुण्याच्या एक लेखिका आमच्याकडे यायला तयार झाल्या. सत्तरीच्या होत्या. त्यांचं एक पुस्तक आमच्या मुलांना फार आवडलं होतं. डोंगरातल्या गावात राहणाऱ्या मुलीची गोष्ट होती; तिचा बाप सैन्यात, आणि ती त्याची वाट बघते. आमच्याकडे दर चार घरांआड एक जण फौजेत असायचा, त्यामुळे हे पुस्तक मुलांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

प्रती बाराच होत्या. मी सहावी-सातवीच्या मुलांचे पाळीप्रमाणे तक्ते केले, प्रत्येकाला चार दिवस. सगळं वेळेवर चाललं होतं, फक्त सहावीतली एक मुलगी दर चार दिवसांनी यायची आणि तेच पुस्तक पुन्हा आपल्या नावावर लिहून न्यायची. दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. वाचन कच्चं असेल असं मी धरून चालले. विचारलं नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मी प्रश्न गोळा केले. नियम एकच होता: ज्याचं पुस्तक पूर्ण वाचून झालंय त्यानेच प्रश्न विचारायचा. आदल्या वर्षी एकाने एका कवींना, तुम्ही कुठल्या टीमकडून खेळता, असं विचारलं होतं, तेव्हापासून हा नियम आला. ती मुलगीही चिठ्ठी घेऊन आली.

"पूर्ण वाचलंस?"

"एक पान राहिलंय, मॅडम."

"मग बस इथे आणि वाचून टाक. दोन मिनिटांचं काम."

"न्हाई."

"का गं?"

"त्येच विचारायचंय त्यास्नी. तिचा बाप येतो का न्हाई."

"अगं, शेवटचं पान त्याचंच तर आहे."

"म्हणून तर न्हाई वाचलं."

माझ्या हातात लाल पेन होतं. तिच्या प्रश्नाने बाकीच्यांचा शेवट फुटला असता, आणि नियम सगळ्यांना सारखा हवा. मी चिठ्ठीवर काट मारली. तिने ती परत मागून घेतली.

लेखिका आल्या त्या दिवशी पहिली पाच मिनिटं मुलं त्यांच्याकडे नुसती बघतच राहिली. नंतर कारण कळलं. पाठ्यपुस्तकातल्या बहुतेक लेखकांच्या नावापुढे कंसात दोन सालं असतात, त्यामुळे लेखक हयात असतो हेच पुष्कळांना नवीन होतं. मग एकाने धीर केला आणि गाडी सुटली.

"लिवताना लाइट गेली तर काय करता?"

"अंधारात पुढचं आठवून ठेवते."

"तुमच्या घरी सैपाक कोण करतं?"

"मीच. म्हणून तर पुस्तकं कमी झाली."

मागे मुलांच्या आया बसल्या होत्या, त्या खळखळून हसल्या. एक जण तर म्हणाली, "आवं, मग आमचीबी पुस्तकं तिथंच गेली म्हणायची!"

ती मुलगी तिसऱ्या रांगेत होती. पुस्तक मांडीवर. तिने एकदाही हात वर केला नाही.

लेखिकांची गाडी संध्याकाळची होती आणि कराडचं स्टेशन गावाबाहेर, म्हणून मी जीप लवकरच दाराशी लावली होती. त्या चढणार तोच ती मुलगी पुढे आली.

"मॅडम, पुस्तक जमा करायचंय."

"उद्या कर. आता उशीर होतोय."

"उद्या न्हाई. आजच."

लेखिकांनी आपलं पुस्तक ओळखलं. पाठीला सेलोटेप लावलेली, कोपरे झिजलेली प्रत बघून त्यांना बरं वाटलं असावं. "किती वेळा वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"अकरा बारा. एक पान सोडून."

लेखिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "स्टेशनपर्यंत येते का ही आपल्याबरोबर?"

मूल असं गाडीत घालून नेता येत नाही, घरच्यांची परवानगी लागते, असं मी सांगायला लागले, तेवढ्यात आयांच्या घोळक्यातून तिची आईच पुढे आली. "न्या की! आवं मॅडम, त्या एका पानापायी चार महिनं डोकं खाल्लंय तिनं माझं." मग जीपच्या खिडकीपाशी येऊन तिने आवाज उतरवला. "तिचं पप्पा दिवाळीला यायचं हुतं. रजा मिळाली न्हाई. आता वर बर्फात हायती, पंधरा पंधरा दिवस फोन लागत न्हाई. तवापास्नं ती ते पान उघडत न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. तिचा प्रवेश क्रमांक मला पाठ होता.

तिचे वडील त्या वर्षी मे महिन्यात सुखरूप घरी आले. हे इथेच सांगून टाकते. उगाच कुणाला टांगणीला ठेवणं मला जमत नाही. पण त्या संध्याकाळी जीपमध्ये हे आम्हा तिघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्टेशनवर पोचलो तर गाडी उशिरा येणार होती. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर लेखिका बसल्या, शेजारी ती, आणि त्यांच्या सामानापाशी मी.

"विचार आता," लेखिका म्हणाल्या.

"तो येतो का?"

"तुला काय वाटतं?"

"असं न्हाई," ती एकदम म्हणाली. "मला काय वाटतंय ते मला ठाव हाय. लिवलंय तुमी."

लेखिका बाकावर तिच्याकडे वळून बसल्या. मग म्हणाल्या, "शेवटच्या पानावर एसटी थांबते. दार उघडतं. तिथेच गोष्ट संपते. शेवट असा सोडला म्हणून माझं पुष्कळ कौतुक झालं होतं."

"म्हंजी तुमालाबी ठाव न्हाई?"

"नाही गं."

"पण मेला असं न्हाई ना लिवलं?"

मी दुसरीकडे बघू लागले. लेखिका मात्र तिच्याकडेच बघत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "तसं कुठेही लिहिलेलं नाही."

मग तिने पुस्तक उघडलं. एवढंसं पान, पण ओळीखाली बोट धरून तिने ते इतकं सावकाश वाचलं की समोरच्या रुळावरून एक मालगाडी आली आणि गेलीसुद्धा. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "लय लवकर संपवलंय."

"मग काय करायला हवं होतं?"

"दार उघडल्यावर मानूस दिसत न्हाई आदी. आदी ट्रंक येती."

"ट्रंक?"

"काळी. वर पांढऱ्या रंगानं नाव घातल्यालं. कंडक्टर ढकलतो, खालनं कोनतरी धरतं, मग पप्पा उतरत्यात. आन लगीच जवळ घेत न्हाईत. आदी सामान मोजत्यात."

लेखिकांनी पिशवीतून छोटी वही काढली. "हळू सांग," त्या म्हणाल्या.

तिला हळू सांगता येत नव्हतं. चार महिने ते पान बंद ठेवलेली ती मुलगी आता थांबेना. गाडी आली, मी सामान चढवलं, लेखिका खिडकीशी बसल्या, तरी वही उघडीच होती आणि ही खालून सांगतच होती. आजी बाहेर येत नाही, चुलीपाशीच डोळे पुसते. कुत्रं पहिल्या दिवशी ओळखत नाही, भुंकतं. गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चालायला लागली. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"आन बूट!" ती माझ्या हातातून ओरडली. "बूट लवकर काढत न्हाईत! चा पिऊस्तवर तसंच बसत्यात!"

खिडकीतून पेन धरलेला हात वर झाला आणि लगेच आत गेला.