गोट्यातली अद्रक

मी एक वनस्पती संपवली. एकटीने नाही, पण शहाणपण माझं होतं, तेव्हा खापरही माझ्याच डोक्यावर फुटायला हवं. वर आणखी मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते.

आणीबाणी उठल्यानंतरच्या पावसाळ्यात मी आत्याकडे राहायला गेले होते. कोंढ्याहून तिचं गाव बैलबंडीने तासाभरावर. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेतं, आणि गावामागे एकच पांढुरकी टेकडी, चुनखडीची. तिच्यावर शेत होत नाही, धड गवतही होत नाही, म्हणून कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नसे. फक्त आत्या जायची. गावात बाई बाळंत झाली की पाचव्या दिवशी आत्या तिला एक कंद उगाळून द्यायची. त्याला सगळे गोट्यातली अद्रक म्हणत. गोटा म्हणजे दगड. ही अद्रक चुनखडीच्या भेगांत यायची, खालच्या मातीत कधीच नाही.

आत्याची खणायची एक रीत होती. लोखंड लावायचं नाही. बांबूच्या खुंटीने कंद उकरायचा, आणि त्याचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटतो तेवढा तुकडा, मोडून त्याच खड्ड्यात परत ठेवायचा, वर बारीक दगड सारायचे. तिच्या सासूने तिला असं शिकवलं होतं. का, ते सासूनेही सांगितलं नव्हतं आणि आत्याने विचारलं नव्हतं. मी वहीत ‘लोकसमजूत’ असा शब्द लिहून खाली रेघ ओढली. त्या रेघेची मला आज लाज वाटते.

फूल पानांपासून वेगळं, कंदातून थेट जमिनीलगत वर आलेलं होतं. पिवळसर, पाकळीवर तांबडे ठिपके. सकाळी उमलायचं आणि सांजेपर्यंत वितळून जायचं. कॉलेजातली होती नव्हती ती सगळी पुस्तकं मी चाळली, कुठेच जुळेना. शेवटी दोन झाडं आणि थोडी फुलं वाळवून कागदावर चिकटवली आणि दूरच्या शहरातल्या, या कुळाचा अभ्यास असलेल्या एका जाणकारांना पाठवली. वर्षभर उत्तर नाही. मग पोस्टकार्ड आलं: नवीनच दिसते, बाटलीत स्पिरिट घालून ताजी फुलं पाठवा, अशी कामं सावकाश होतात. मी पाठवली. त्या पोस्टकार्डाने मी किती हुरळले होते, ते सांगायलाही नको वाटतं.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात टेकडीच्या पायथ्याशी चुनभट्टी लागली. सगळीकडे बांधकामं निघाली होती, चुन्याला मागणी होती, आणि टेकडी तर कुणाच्याच कामाची नव्हती. ठेकेदाराने एका बाजूने सुरुंग लावायला सुरुवात केली. मी अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथला बाबू वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि झाडाचं नाव विचारलं. मी म्हटलं, अजून नाव ठेवलेलं नाही. त्याने पेन खाली ठेवलं. नाव नसलेल्या झाडासाठी खाण कशी थांबवायची, ते त्याला कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही कळेना. जाणकारांना मी तारेने विचारलं. त्यांचं उत्तर आलं की नाव छापून यायला निदान दोन-तीन वर्षं लागतील.

मग मी ठरवलं की झाडंच हलवायची.

रोवण्याचे दिवस होते. धानाचे पऱ्हे उपटून बांधीत लावणाऱ्या चार बाया आत्याने सोबत घेतल्या आणि आम्ही टेकडीवर गेलो. सुरुंगाची बाजू सोडून उरलेल्या अंगावर सगळी अद्रक होती, पानं हातभर वर आलेली. बाया कामाला लागल्या. आत्या मात्र पहिल्याच खड्ड्यापाशी थांबली. हातातला कंद मोडू की नको, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

“बाई, एकेक डोळा ठेवू का?”

“कायले, आत्या? उद्या सुरुंग लागला का हा गोटाच राहणार नाही. सगळी काढ.”

 शिकलेल्या भाचीपुढे ती कधीच उलट बोलत नसे. तिने कंद अख्खा टोपलीत टाकला. पऱ्हे उपटणाऱ्या बायांचे हात ते. त्यांनी एक काडी मागे सोडली नाही. संध्याकाळी मी स्वतः टेकडीभर फिरून बघितलं आणि काही राहिलं नाही म्हणून मला समाधान वाटलं.

आत्याच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आम्ही ती लावली. धानाच्या मुलखातली माणसं आम्ही. रोप एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावलं की त्याला चिखल द्यायचा, पाणी द्यायचं, हे आम्हाला चालता येण्याआधी येतं. बायांनी धुऱ्याची माती पायांनी तुडवून मऊ केली, शेणखत घातलं. जरा उघडीप पडली की आत्या बोडीतून, शेताजवळच्या तळ्यातून, घागर भरून आणायची आणि एकेका रोपाच्या बुडाशी ओतायची. आठ दिवस पानं ताठ होती. मी निश्चिंत मनाने भंडाऱ्याला परतले, आणि वर्गात गेल्या गेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवलं की चुनखडीत पाणी थांबत नाही, भेगांतून निघून जातं, म्हणून तिथली झाडं वेगळी असतात. दरवर्षी शिकवत होते तेच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

महिन्याभराने आत्याचा निरोप आला की पानं पिवळी पडून राहिली. मी धावत गेले. एक कंद उकरून दाबला तर बोटांमधून पाणी आलं आणि घाण वास सुटला. दुसरा काढला, तिसरा काढला. आत्या शेजारी बसून हात धूत होती आणि परत परत सांगत होती की तिने एक दिवसही पाणी चुकवलं नाही.  पोळ्यापर्यंत धुऱ्यावर फक्त गवत राहिलं.

दिवाळीत ठेकेदाराने भट्टी बंद केली. दगड कच्चा निघाला, चुना मळकट पडायचा, गिऱ्हाईक घेईना. तो सामान ट्रकवर चढवून लाखनीकडे निघून गेला. टेकडीची एक बाजू पडली होती. अद्रकीची बाजू जशीच्या तशी उभी होती, आजही उभी आहे. तिच्यावर आम्ही केलेले खड्डे तेवढे होते. पुढच्या पावसाळ्यात मी आणि आत्या खड्ड्याखड्ड्यात वाकून बघत फिरलो. त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही. एखादा डोळा कुणाच्या हातून चुकून राहिला असेल, असं मी मनात घोकत होते. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

छापण्यापूर्वी जाणकारांनी पत्राने विचारलं, आता किती झाडं उरली आहेत? मी ‘फार थोडी’ असं लिहिलं. शून्य लिहायला हात धजला नाही.

आणखी दोन वर्षांनी ते एका नियतकालिकात छापून आलं. वरातीमागून घोडं आलं. नावात आत्याच्या गावाचं नाव होतं, मागे लॅटिन शेपूट लावलेलं. खाली माझे आभार. कॉलेजात सहकाऱ्यांनी पेढे मागितले आणि मी ते दिले. मग अंक घेऊन आत्याकडे गेले. तिने चित्र उजेडात धरून पाहिलं, फुलावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, अशीच होती. मग तिने विचारलं, ही कुठे सापडते म्हणून लिहिलं आहे?

“आपल्या पहाडीवर,” मी म्हटलं. “धोक्यात हाय, पण हाय, असं लिवलं.”

तिने अंक मिटून माझ्या हातात दिला.

“मंग हे खोटं हाय, बाई. त्याईले सांगून दे.”

मी आजवर कळवलेलं नाही.