शेवंतीचा अंधार

अंधारासाठी भांडणारा माणूस साऱ्या जुन्नर-आंबेगावात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बाकीचे लोक वीज गेली की भांडतात, हे आली की भांडतात. कहर म्हणजे या गृहस्थांची सगळी नोकरी खांबांवर चढून गावोगावच्या तारा जोडण्यात गेली. निवृत्त होऊन निमगाव सावाला घरी बसले आणि जन्मभर वाटलेला उजेड परत गोळा करायला निघाल्यासारखे वागू लागले. मी पेठचा साधा माणूस. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जातो आणि दर वेळी एक नवा धक्का घेऊन परततो.

पहिला धक्का बसला माडीवरच्या खोलीत. तिथे त्यांनी वीस-बावीस कुंड्यांत शेवंती लावली होती. संध्याकाळचे पाच वाजले, बाहेर चांगलं ऊन होतं, आणि साडूंनी खिडक्यांवर जाड काळे पडदे ओढले, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं आणि मला जिना उतरायला लावला. "पावणं, शेवंतीला रात मोठी लागती. चौदा तास मिट्ट काळोख दिला तरच कळी धरती. अंधार बी खतच हाये," असं ते जिन्यात कुजबुजले. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये, ते झोपलेलं असतं, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण झाडाची झोपमोड होईल म्हणून पाहुण्याशी कुजबुजत बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एवढ्यात माझ्या खिशातला मोबाइल वाजला आणि उजळला. साडूंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की पुढे जेवतानाही मी तो पालथा ठेवला.

हा खटाटोप कशासाठी, ते मला माझ्या बायकोने सांगितलं. तिची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्काचं लग्न वैशाखातलं. तिला बोहल्यावर उभं राहताना शेवंतीची वेणी हवी होती. वैशाखात कुठली शेवंती, म्हणून मांडवातली मंडळी हसली आणि अक्का मोगऱ्यावर भागवून उभी राहिली. ते हसणं साडूंच्या मनात चाळीस वर्षं रुतून बसलं. आता बाजारात शेवंती बारमाही मिळते. पण त्यांना ती घरच्या कुंडीतली हवी होती, लग्नाच्या तिथीला हवी होती, आणि अक्काला आधी कळू द्यायचं नव्हतं. तिची समजूत एवढीच, की रिकामपणाने नवऱ्याचं डोकं फिरलंय.

पहिलं वर्ष वाया गेलं. यंदाही माघ सरत आला, झाडं कमरेएवढी झाली, पण कळीचा पत्ता नाही. "कोनतरी आत उजेड करतंय," साडू म्हणाले, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकावर, अगदी माझ्यावरही, त्यांचा संशय गेला. शेवटी मला घेऊन ते ओतूरला कॅमेरा आणायला गेले. आमच्याकडे बिबट्यापायी अंधारात दिसणारे कॅमेरे वस्तीवस्तीवर लागलेत, त्यामुळे दुकानदाराने सरळ विचारलं, "बिबट्या कुठल्या अंगानं येतो?" साडू म्हणाले, "बिबट्या न्हाई राव, शेवंती हाये. माडीवर." मग त्यांनी त्याला भर दुपारी शटर ओढायला लावलं. काही कॅमेऱ्यांचे दिवे अंधारात लाल मिणमिणतात आणि लाल उजेड शेवंतीला सगळ्यात वाईट, असं त्यांचं म्हणणं. बंद दुकानात घामाघूम होत आम्ही चार कॅमेरे तपासले आणि ज्याचा ठिपकाही दिसेना तो घेतला. शटर वर गेलं तेव्हा बाहेर दहा-बारा माणसं जमली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी गोठ्यात बसून आम्ही मोबाइलवर ते चित्रण पाहिलं. साडू रोज डेअरीला दूध घालून पारावर गप्पा मारतात, ती वेळ. करड्या अंधारात दार उघडलं आणि अक्का आत आली. हातात देवापुढचा दिवा. तो तिने कुंड्यांच्या मधोमध ठेवला, हात जोडले, आणि म्हणाली, "लई अंधारात ठिवलंय रं तुमाला त्या मानसानं. दिवेलागणीला जित्या जीवाला अंधारात ठिवू नाय. मी हाये, भिऊ नका." मग ती तास-दीड तास तिथेच भिंतीला टेकून बसली आणि नवरा यायच्या वेळेला दिवा घेऊन निघून गेली. मी हादरलो. आता या घरात काय होणार ते देव जाणे, कारण पडद्याची फट राहिली म्हणून हा माणूस सख्ख्या भावाशी महिनाभर बोलला नव्हता. साडूंनी ते चित्रण पुन्हा पाहिलं. मग मोबाइल खिशात टाकला. "कॅमेऱ्याचं कुनाला बोलू नका," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते पारावरून उशिरा घरी यायला लागले.

होळी झाली आणि अक्का पुण्याला लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला गेली. साडू सवयीने रोज पडदे ओढत राहिले. दिवा दाखवायला कोणी नव्हतं. वैशाख लागता लागता सगळ्या कुंड्या पांढऱ्या झाल्या.

लग्नाच्या तिथीला साडू आणि मी ओल्या फडक्यात वेणी गुंडाळून पुण्याला गेलो. अक्काने ती माळली, आरशात वळून वळून पाहिली आणि म्हणाली, "तुमाला सांगितलं न्हाई, पर मी रोज सांजंला त्या झाडान्ला दिवा दाखवत व्हते. त्याचंच फळ हाये हे." आयुष्यात कधी कोणाचं चुकीचं बोलणं ऐकून न घेतलेला हा माणूस. साडू म्हणाले, "व्हय, त्याचंच." आजवर त्यांनी दिलेल्या सगळ्या धक्क्यांत हा मोठा होता, आणि मला डोळे पुसायला खिडकीशी जावं लागलं.

परतताना गाडीत मी विचारलं, "पुढच्या वैशाखात पुन्हा वेणी का?" "आता कशी यील, पावणं? पुढल्या महिन्यात तुमची अक्का घरी येतीया," ते म्हणाले, आणि दिव्याला तेल घ्यायचंय म्हणून त्यांनी मला वाटेत एका दुकानाशी गाडी थांबवायला लावली.