आमच्या ह्यांची कयाक अन् कंबर

मुके नाईत, पण बोलतही नाईत, अशा माणसासंग मी सारा संसार केला. केवलराम त्यांचं नाव. भिलाईच्या कारखान्यात रिटायर होईस्तोवर क्रेन चालवली. जमिनीपासून उंच, काचेच्या केबिनीत एकटंच बसायचं अन् खाली वाकून हुककडे पाहात राहायचं. घरी आले की मी विचारायची, "कशी झाली ड्यूटी?" "झाली." "जेवता का?" "जेवतो." अरे देवा! बाकी माणूस सोनं हाय, पण सोन्यासंग काय गप्पा माराव्या?

रिटायर झाले अन् कंबरेनं असा बदला घेतला की बसणं नाई, उठणं नाई. दिवसभर दिवाणावर आडवे. डॉक्टर म्हणले, हालचाल ठेवा. हे आपले पंख्याकडे पाहून राहिले.

त्यात आमचा राहुल. पोराले रायपूरले नोकरी लागली अन् जाताना आपली दोन सीटची कयाक व्हरांड्यात टाकून गेला. कयाक म्हणजे लांब, निमुळती प्लास्टिकची होडी. पाय लांबवून बसायचं अन् वल्हं मारायचं. मले कपडे वाळवायले बरी पडत होती. एका रविवारी हे उठले अन् म्हणले, "चल, तलावावर जाऊ." हे गोंदियाकडचे, तळ्याकाठच्या गावचे, लहानपणी डोंगा म्हणजे लाकडाची होडी चालवलेली. मले वाटलं, चला, माणूस उठला तरी! शेजारच्या गुड्डूच्या टेम्पोवर कयाक बांधली अन् मरोद्याकडच्या तलावावर गेलो.

मी पुढं, हे मागं. लाइफ जॅकेट घालून मी फुगलेल्या पुरीवानी बसली. तलावाच्या मधात गेलो अन् मागून आवाज आला. मले वाटलं, दुसरंच कोणी बसलं की काय! हे आपल्या मनानं बोलून राहिले होते. गावच्या तळ्याचं, शिंगाड्याचं, आईनं फेकून मारलेल्या चपलेचं. मी मान वळवली की गप्प, पुढं पाह्यलं की सुरू. मंग आवाज बारीक करून म्हणले, "नलू, तुले एक सांगायचं होतं. लई वर्सांचं हाय. क्रेनवर असताना मी..." अन् लगेच, "आई गं!" कंबर धरली. आलो वापस. काठावर विचारलं, "काय सांगत होते?" म्हणे, "काही नाई."

पुढच्या रविवारी तसंच. "क्रेनवर असताना मी..." अन् आई गं! आता सांगा, माणसाच्या जिवाले चैन पडल का? क्रेनवर असताना काय? कोणाले लागलं? की दुसरीच काही भानगड? घरात विचारावं तं हे पंख्याकडे पाहात. मी ठरवलं, कंबर दुखते अन् गोष्ट तुटते, तं ही सीट सुधरवल्याबिगर राहणार नाई.

ह्यांनी उपाय काढला तो क्रेनवाल्याचाच. तिथं एक रिवाज होता, ज्याची त्याची गादी वेगळी. ड्यूटीले जाताना डब्यासंग काखेत गादी, सुटी झाली की पुन्हा काखेत. दुसऱ्याच्या गादीवर कोणी बसत नसे. ह्यांनी पेटीतून आपल्या दोन कापसाच्या गाद्या काढल्या, तलावावर जाऊन सीटवर एकावर एक ठेवल्या अन् वर राजावानी बसले. त्यात जन्माची सवय! बाजूले वाकून खाली पाह्यलं, जसा काही पाण्यात हुकच लटकून राहिला. होडीत माणूस जितका उंच बसल तितकी होडी डुलते, हे त्यांच्या ध्यानातच नाई. गुडुप! नशीब काठाजवळच होतो. मी कंबरभर पाण्यात उभी, हे कंबरभर पाण्यात उभे, अन् गाद्या म्हशीवानी पाणी पिऊन पडल्या.

घरी आल्यावर हे पुन्हा दिवाणावर. "राहुलले सांग, घेऊन जा म्हणा ती कयाक." मले अस्सा राग आला! म्हणलं, "नाई जाणार ती कुठंच! तुमाले आपल्या गोष्टीची फिकर नसल, मले हाय!"

तेवढ्यात माझं ध्यान गेलं. टीव्ही पाहाले उठून बसले की हे टॉवेलची गुंडाळी करून कंबरेमागं दाबत, पट्ट्याच्या जरा वर. तशीच मी ओरडली, "उठा! होडीत बसा!" तिथंच, व्हरांड्यात, कोरड्यात. बसवलं अन् गुंडाळी मागं दिली. शेजारच्या अंजनाबाई फाटकातून म्हणल्या, "नलूबाई, कुठं निघाली सवारी?" म्हणलं, "रायपूरले! येता का?"

गुंडाळीनं बरं वाटलं, पण थोड्या वेळानं हे पुढं पुढं घसरले अन् पाठीची कमान झाली. पाहते तं पाय हवेत! पाय टेकवायच्या खुट्या राहुलच्या मापाच्या. त्याचे पाय ताडावानी, बापाचे पोचतच नाईत. कोणी सरकवून पाह्यल्याच नव्हत्या. खुट्या मागं घेतल्या, गुडघे जरासे वाकले, पाय टेकले अन् घसरणं बंद. मंग राहुलची जुनी योगाची चटई कापली, ती पाणी पीत नाई. एक तुकडा गुंडाळून सीटच्या पाठीले बांधला. दुसरा मांडीखाली, सीटच्या पुढच्या कडेले. बुडाखाली काहीच नाई.

"अन् गादी?" हे म्हणले.

"गादीचं नाव काढलं तं आता मीच बुडवीन."

त्या रविवारी मी पुढं बसली अन् तोंडाले कुलूप लावलं. हे काम माझ्यासाठी काही सोपं नाई. तलावाचा मध आला, गेला. आई गं नाई. पलीकडचा काठ दिसू लागला, पाणकावळे उडाले, तरी आई गं नाई. मंग मागचं वल्हं थांबलं.

"नलू."

"हं." मी मान वळवली नाई.

"क्रेनवर असताना मी तुयाशी बोलत राहायचो."

"मायाशी? मी तं घरी!"

"तेच तं. वर कोणीच नसे. तू नवी साडी नेसली की तुले साजते म्हणून तिथं सांगायचो. राहुल झाला तवा तू माहेरी होती, तवा तं दिवसभर बोललो. भांडण झालं की माफी बी तिथंच मागायचो. मंग शिफ्ट सुटे, खाली उतरायचो, अन् घरी येईस्तोवर बोलणं संपून जाये. मले वाटे, सांगून झालं."

मले रडूच आलं. अन् रागही आला, लई आला. एवढ्या वर्सांचं माझ्या वाट्याचं बोलणं, अन् सारं आयकलं कोणी, तं त्या काचेनं!

"अहो," म्हणलं, "तुमी वर माफी मागून मोकळे झाले, अन् मी खाली दोन दोन दिवस फुगून बसत होती!"

मागं ते हसले. सारी होडी हलली.

"कंबर दुखून राहिली का?" मी विचारलं.

"नाई."

"मंग सांगा. पहिल्या ड्यूटीपासून."