चौघांचं टेबल

शेजारच्या घरातल्या त्या माणसाला आम्ही मजल्यावरचे सगळे खटपट्या म्हणतो, अगदी तोंडावरसुद्धा. नोकरी विम्याच्या कचेरीत, पण जीव सगळा करवतीत आणि रंध्यात. मोडक्या खुर्च्यांचं त्यानं चपलांचं कपाट केलं, जुन्या दाराचं इस्त्रीचं टेबल. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण आवाज असतो हो, आणि तो माझ्या भिंतीतून येतो. माणूस मात्र वाईट नाही. कुणाचं दार अडकायला लागलं की बोलवायच्या आत रंधा घेऊन हजर.

त्याची आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे गेली, कारण तिकडे लिफ्ट होती. महिन्याभरासाठी गेलेली बाई, पण मुक्काम लांबत गेला. "आई आता तिकडेच रमली," असं हा ज्याला-त्याला सांगायचा. इतक्यांदा सांगितलं की त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. आईला मात्र कुणी विचारलं नाही. तिच्या रिकाम्या पलंगावर धुतलेल्या कपड्यांचे ढीग साचायला लागले. मुलं दिवसभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायची, त्याचाही याला राग. दोन्ही दुखण्यांवर एकच औषध म्हणून खटपट्यानं पलंग कापला आणि घरच्यांना खेळायला टेबल केलं.

रविवारी सकाळी मला मुद्दाम बघायला बोलावलं. खोटं कशाला बोलू, देखणं झालं होतं. मधोमध बुद्धिबळाचा पट रंगवलेला, पत्ते सरकून पडू नयेत म्हणून कडेला पट्टी, चारी बाजूंना एकेक खण आणि पेला ठेवायला गोल खळगा. पलंगाची उशाकडची नक्षीदार फळी पुढच्या बाजूला बसवलेली. मी तोंड भरून कौतुक केलं. मग काय, स्वारी फुलून गेली.

तेवढ्यात दारात त्याची आई, आमच्या काकू. जिने स्वतःच्या पायांनी चढून आलेली, मागे पिशवी घेऊन लेक. कुणाला न कळवता येऊन चकित करायचं ठरवलं होतं म्हणे. "एकदाही थांबले नाही बघ," असं सांगताना काकूंचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

नातीनं त्यांना हाताला धरून टेबलापाशी नेलं आणि खण उघडून दाखवायला लागली. हा बाबांचा, हा आईचा, हा दादाचा, हा माझा. तिथे बाजू संपल्या.

काकूंनी नक्षीवरून हात फिरवला. मग त्यांनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं.

"छान केलंयस रे," त्या म्हणाल्या.

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खटपट्याचे कान लालबुंद झाले. "आत्ता उघडतो, आत्ता पलंग जोडून देतो," असं पुटपुटत त्यानं स्क्रूड्रायव्हर आणला, दोन स्क्रू सैल केले आणि थांबला. कापलेलं लाकूड लांब कसं करणार? बायको मान खाली घालून कपडे आवरत राहिली. आता बहीण भावाला फाडून खाणार, असं मला वाटलं. तर ती जमिनीकडे बघत म्हणाली, खाली टॅक्सी थांबवून ठेवलीय. पिशवी भिंतीशी टेकवली आणि गेली. मीही भावाबहिणीला दोघांनाही चांगलं सुनावलं असतं, पण आत्ताच तर त्या टेबलाचे गोडवे गाऊन झाले होते. कुठल्या तोंडानं बोलणार?

काकू खुर्चीवर टेकल्या. "पाहुणे आले की कुठे झोपतात रे आपल्याकडे?"

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या.

मला ते सहन होईना, म्हणून म्हटलं, काकू, आज माझ्याकडे चला. वाटलं, निदान आता तरी तो म्हणेल, वा, स्वतःचं घर असताना शेजाऱ्यांकडे का? पण तो सैल केलेले स्क्रू परत आवळायला लागला.

काकू लगेच उठल्या. जणू कुणीतरी बोलवायचीच वाट बघत होत्या. त्यानं घाईघाईनं पिशवी उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या, "तुम्ही खेळा."